अमेरिकेची वाट खंडव्यावरून

बुलढाणा जिल्ह्यातल्या सोनाळ्यात उभे राहून अमेरिका कुठे म्हणून विचारले, तर हात आपोआप मावळतीकडे जातो. तिकडे जळगाव जामोद, तिकडेच पुढे मुंबई, मग अरबी समुद्र, अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक आणि शेवटी अमेरिका. शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशाही हेच सांगतो. पण सोनाळ्यापासून न्यू जर्सीतल्या न्यूअर्क विमानतळापर्यंत सगळ्यांत जवळची वाट शोधायला बसलो, तर ती मावळतीला जातच नाही. गावाच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे ना, ती थेट त्याच्यावर चढते.

न्यूअर्क मी मुद्दाम निवडले. न्यू जर्सीत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, आणि आपल्याकडच्या किती तरी आजी-आजोबांची अमेरिका म्हणजे हेच राज्य. सोनाळा साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर, पावणेसत्त्याहत्तर अंश पूर्व रेखांशावर आहे. न्यूअर्क पावणेएक्केचाळीस अंश उत्तरेला आणि ७४ अंश पश्चिमेला. एवढ्या चार आकड्यांवर गोलीय त्रिकोणमितीचे एक सूत्र चालवले की दोन गोष्टी हाती येतात. पहिली, दोहोंमधले अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. दुसरी, निघायची दिशा: उत्तरेपासून पश्चिमेकडे फक्त २३-२४ अंश कललेली. म्हणजे जवळजवळ उत्तरच.

ही रेघ कुठून कुठून जाते ते पाहताना मी अक्षरशः थक्क झालो. अंबाबरवाचे जंगल ओलांडून ती सातपुड्यापलीकडे उतरते आणि शंभर किलोमीटरच्या आतच खंडव्याजवळून जाते. मग नर्मदा, मग उज्जैनचा परिसर, मग अजमेरच्या पश्चिमेचे राजस्थान. पुढे पाकिस्तानातला पंजाब, काबूलचा आसमंत, अरल समुद्राचा पूर्व काठ. व्होल्गेवरचे कझान, श्वेत समुद्राच्या नैर्ऋत्येचा रशिया, नॉर्वेच्या किनाऱ्यावरचे बोडो. तिथून पुढे ती ६८ अंश उत्तरेपर्यंत, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्याही वर पोचते. मग आइसलँडच्या उत्तर किनाऱ्याबाहेरून, ग्रीनलँडच्या बर्फावरून, लॅब्राडोर आणि क्विबेकच्या जंगलांवरून ती खाली उतरते आणि जवळजवळ उत्तरेकडूनच न्यूअर्कला पोचते. निघायचे २१ अंशांवरून, पोचायचे ४१ अंशांवर, आणि जवळची वाट मात्र ६८ अंशांवरून. अरबी समुद्राचा एक थेंबही तिच्या खाली येत नाही.

डोळ्यांना हे पटत नाही, कारण डोळे सपाट नकाशावर वाढलेले असतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या या पट्ट्यात संत्र्याच्या बागा आहेत. एखादे संत्रे अखंड सोलावे आणि त्याची साल पाटावर दाबून सपाट करून पाहावी. ती फाटते तरी, नाही तर ताणावी तरी लागते. गोल पृष्ठभाग सपाट करायचा तर या दोन्हींवाचून तिसरा इलाज नाही. १५६९ साली गेरार्डस मर्केटरने ताणण्याचा मार्ग घेतला. त्याच्या नकाशावर होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्या जहाजाचा मार्ग सरळ रेघ म्हणून उमटतो. दर्यावर्दींसाठी हे वरदान होते. त्यासाठी त्याने उत्तर-दक्षिणेकडचे प्रदेश फुगवले, आणि आपल्या मनात जगाचे जे चित्र बसले ते असे फुगलेले बसले.

खरे काय आहे, ते अंशांच्या रुंदीवरून कळते. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १११ किलोमीटर रुंद असतो. सोनाळ्याच्या अक्षांशावर तो १०४ उरतो, न्यूअर्कच्या अक्षांशावर ८४, आणि बोडोच्या वर, ६८ अंशांवर, अवघा ४२. सोनाळा ते न्यूअर्क आपल्याला रेखांशाचे दीडशे अंश ओलांडायचे आहेत. हे ओलांडणे जिथे अंश रुंद आहेत तिथे करायचे, की जिथे ते अरुंद झालेत तिथे? उत्तरेला चढण्यात जे किलोमीटर जातात, त्याहून जास्त किलोमीटर वर वाचतात. होकायंत्राचा एकच कोन धरून, म्हणजे मर्केटरच्या सरळ रेघेवरून गेलो तर अंतर साडेचौदा हजार किलोमीटरच्या घरात जाते. सातपुड्यावरून गेले की जवळजवळ दोन हजार किलोमीटर कमी पडतात.

पृथ्वीगोल हाताशी असेल तर सूत्राचीही गरज नाही. एक दोरा घ्यावा, एक टोक सोनाळ्यावर, दुसरे न्यूअर्कवर धरावे आणि ताणावा. दोरा आपणहून सरकत उत्तरेला जातो आणि ग्रीनलँडवर स्थिरावतो. लहान मुलांना हे एकदा करू द्यावे. दोरा सरकताना त्यांच्या डोळ्यांत जे दिसते ते कुठल्याही धड्याने येत नाही.

ही रेघ उज्जैनच्या परिसरातून जाते याचे मला फार अप्रूप आहे. भारतीय ज्योतिषात रेखांश मोजायला सुरुवात उज्जैनपासून होत असे. आज ग्रीनिच जे आहे ते आपल्याकडे उज्जयिनी होती. आणि गोलावरच्या अंतरांचा विचार आपल्या मुलखातही जुनाच आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. त्यातल्या गोलाध्यायात ते सांगतात की परिघाचा शंभरावा भाग पाहिला तर तो सपाटच भासतो, आणि पृथ्वी एवढी मोठी, माणूस एवढा लहान, म्हणून त्याला ती सपाट वाटते. पृथ्वीचा परीघ कसा काढायचा, तेही त्यांनी दिले आहे: एकाच उत्तर-दक्षिण रेषेवरची दोन गावे घ्या, त्यांच्या अक्षांशांतला फरक घ्या, मधले अंतर योजनांत मोजा आणि त्रैराशिक मांडा. परीघ ४,९६७ योजने. विषुववृत्तापासून अवंती, म्हणजे उज्जैन, परिघाच्या सोळाव्या भागाइतकी उत्तरेला आहे, असेही ते म्हणतात. सोळावा भाग म्हणजे साडेबावीस अंश. आजच्या मोजणीत उज्जैन सव्वातेवीसच्या आसपास भरते. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. सोनाळ्याहून ते ठिकाण साधारण दोनशे किलोमीटर.

भास्कराचार्यांची रीत खरी होती, पण तिच्यातला अवघड भाग होता दोन गावांमधले अंतर प्रत्यक्ष मोजणे. ते काम साडेसहाशे वर्षांनी याच वऱ्हाडातून पुढे सरकले. विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासला पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. टेकडी ते टेकडी, देऊळ ते देऊळ त्रिकोण जोडत त्याची माणसे उत्तरेला सरकत राहिली. वीस वर्षांनंतर, २० जानेवारी १८२३ रोजी, लॅम्बटन वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टने हाती घेतले. त्याच्या मोजणीचे एक महत्त्वाचे ठाणे अचलपूरजवळ होते, इंग्रजी नोंदींत ‘टकल खेरा’ म्हणून आलेले. त्या ठाण्याचा अक्षांश २१ अंश ५ मिनिटांच्या आसपास, म्हणजे सोनाळ्याचा जो अक्षांश, जवळपास तोच. दोन्ही ठिकाणे सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी, मध्ये शंभरेक किलोमीटर.

या ठाण्याची गोष्ट इथे थांबून सांगण्याजोगी आहे. अक्षांश काढायचा तर डोक्यावरची बरोबर उभी रेषा ठाऊक हवी, आणि ती ओळंबा देतो. पण ओळंबा लोंबतो तो वस्तुमानाच्या ओढीने. उत्तरेला एवढा डोंगर उभा असेल तर तो ओळंब्याला केसभर आपल्याकडे ओढणारच. या ओढीने मोजणीत किती फरक पडत असेल याचा हिशेब एव्हरेस्टने मांडला. सातपुडा इतका जड आहे की पृथ्वी मोजणाऱ्याला त्याचे वजन जमेस धरावे लागले. या मोजणीतून पृथ्वीच्या किंचित चपट्या आकाराचे जे माप १८३० साली आले, त्यावर भारताचे नकाशे पुढे कित्येक वर्षे उभे होते.

अंतराचे असे झाले. वेळेची गोष्ट निराळी आहे, कारण अंतर जमिनीवर ठरते आणि वेळ हवेत.

डॉक्टर व्हायला निघालेल्या आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. अठ्ठावन्न दिवस. त्यांना न्यायला आलेल्या कार्पेंटरबाई न्यू जर्सीतल्या रोझेलच्या, आणि आनंदीबाई आधी तिथेच राहिल्या. आजच्या न्यूअर्क विमानतळापासून रोझेल काही किलोमीटरवर आहे. म्हणजे आज आपले लोक जिथे उतरतात, जवळजवळ त्याच अंगणात ही एकटी मुलगी वयाच्या अठराव्या वर्षी, दोन समुद्र ओलांडून उतरली होती. तिच्या धैर्यापुढे आजच्या प्रवासाचे कसले कौतुक. १९४८ च्या जूनमध्ये एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करीत लंडनला गेले, आणि १९६० साली जेट विमानाने तीच कंपनी न्यूयॉर्कला पोचली. पुढे मुंबई ते न्यूअर्क न थांबता जाणारी सेवाही सुरू झाली. अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सोनाळ्याहून जेवढे तेवढेच. सुमारे चारशे किलोमीटर पश्चिमेला सरकूनही मुंबई न्यूअर्कच्या जवळ गेलेली नाही, कारण जवळ जाण्याची दिशा मुळात पश्चिम नव्हतीच.

मोठे प्रवासी विमान तासाला नऊशे किलोमीटरच्या आसपास जाते. भागाकार केला तर चौदा तास. प्रत्यक्षात मुंबईहून जाताना पंधरा-सोळा तास लागतात आणि येताना साधारण चौदाच्या आसपास. तीच दोन गावे, तेच विमान, मग जायला जास्त आणि यायला कमी का?

अनेकांचे उत्तर असते की पृथ्वी फिरते म्हणून. सोनाळ्याखालची जमीन पूर्वेकडे ताशी सुमारे १,५६० किलोमीटर वेगाने फिरते आहे हे खरे. पण तिच्यासोबत हवाही फिरते, हवेतले विमानही आणि उडण्याआधी धावपट्टीवर उभे असलेले विमानसुद्धा. नुसते वर जाऊन थांबले म्हणून खालून अमेरिका सरकत येत नाही. तरीही या उत्तरात एक खरा धागा आहे, आणि तो फार सुंदर आहे. विषुववृत्ताकडची तापलेली हवा वर चढून उत्तरेला वाहू लागते. निघताना तिच्याजवळ आपल्याकडच्या जमिनीचा मोठा वेग असतो. उत्तरेला जावे तसतसा पृथ्वीचा घेर कमी होतो, जमिनीचा वेग उतरतो. न्यूअर्कच्या अक्षांशावर तो १,२६० किलोमीटरवर आलेला असतो. हवा मात्र आपला वेग सहजी सोडत नाही, ती जमिनीच्या पुढे पळू लागते. खाली उभ्या असलेल्याला हे पश्चिमेकडून पूर्वेकडे सुटलेले जोरदार वारे वाटतात. दहा-बारा किलोमीटर उंचीवर त्यांचे अरुंद, वेगवान पट्टे तयार होतात. हिवाळ्यात उत्तर भारतावरच्या अशा पट्ट्यात ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरचा वारा नवलाचा नाही. न्यूअर्कला जाणारे विमान या वाऱ्याशी झुंजत जाते, परतणारे त्याच्या पाठबळावर येते. पृथ्वीच्या फिरण्याचा उपयोग होतो तो असा, वाऱ्याच्या हातून.

या वाऱ्यामुळे कधी लांबची वाट लवकर पोचवते. एअर इंडियाची दिल्ली–सॅनफ्रान्सिस्को सेवा आधी अटलांटिकवरून जात असे, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिने उलटी, पूर्वेची वाट धरली: चीन, जपान, पॅसिफिक महासागर. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झाले आणि वेळ मात्र कमी झाला, साडेचौदा तासांत विमान पोचले. चौदाशे किलोमीटरचा फेरा वाऱ्याने भरून काढला. २०२१ च्या जानेवारीत याच कंपनीचे सॅनफ्रान्सिस्को–बंगळूर विमान कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी उत्तर ध्रुवाच्या प्रदेशावरून आणले. तेव्हा अंतर जवळपास चौदा हजार किलोमीटर आणि वेळ सतरा तासांच्या घरातला. तेरा हजार नऊशे, पंधरा हजार तीनशे, चौदा हजार... आकड्यांकडे पाहून कोण आधी पोचेल हे सांगता येत नाही. त्यासाठी त्या दिवशीचे आकाश वाचावे लागते, आणि विमान कंपन्यांचे मार्ग आखणारे लोक रोज नेमके तेच करतात. म्हणून काल गेलेले विमान ज्या रेघेवरून गेले, आजचे तिच्यावरून जाईलच असे नाही.

वारा निदान कोणाचे वैर धरत नाही. माणसांच्या हद्दी धरतात. काबूलवरून जाणारी आपली सुंदर रेघ कागदावरच राहते. पाकिस्तानने २०१९ मध्ये काही महिने आपले आकाश बंद ठेवले, आणि एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना ते पुन्हा बंद झाले. अफगाणिस्तानात ऑगस्ट २०२१ नंतर विमानांना वाट दाखवणारी नियमित यंत्रणाच उरली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियाचे आकाश मिटले. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया, हे तिन्ही देश सोनाळ्याहून काढलेल्या रेघेवरचे आहेत. एकेक देश मिटतो तशी रेघ वाकते, इंधन वाढते, तास वाढतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या घरातली आजी नातवाला भेटायला किती वेळ बसून राहणार, हे तिने कधी नावही न ऐकलेल्या राजधान्यांत ठरते. मला हे खूप खुपते.

जमिनीवरही सरळ रेघ अशीच सोडावी लागते, पण तिथले कारण मनाला पटणारे आहे. अकोला–खंडवा ही मीटरगेज रेल्वे अकोट, हिवरखेड करीत मेळघाटात शिरे आणि धुळघाटात चढ चढण्यासाठी स्वतःभोवतीच वळसा घेऊन वर जाई. ब्रॉडगेज करताना प्रश्न आला वाघांचा. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या आतून रुंद रूळ आणि वेगवान गाड्या नकोत म्हणून जंगलाबाहेरचा पर्यायी मार्ग आखला गेला, हिवरखेडहून सोनाळा, जामोद, कुवरदेव, खकनार असा. अंतर वाढले. पण जवळच्या वाटेच्या मध्ये वाघाचे घर असेल तर वाट वाकलेली बरी, असे मला मनापासून वाटते. आणि गंमत पाहा, ही वाकलेली वाटही शेवटी खंडव्यालाच निघते, न्यूअर्कच्या रेघेवरच्या पहिल्या मोठ्या गावाला.

आज सोनाळ्याहून न्यूअर्कला खरोखर निघणाऱ्याने मात्र खंडव्याकडे पाठ करायची असते. आधी एसटीने किंवा जीपने शेगाव, चाळीस-पन्नास किलोमीटर. मग हावडा–मुंबई मार्गावरची गाडी, साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, आठ-नऊ तास. मग मुंबईतली गर्दी, विमानतळावर तीन तास आधी पोचणे. बेरीज केली तर पहिल्या सहाशे किलोमीटरना जवळजवळ तेवढाच वेळ जातो, जेवढा पुढच्या साडेबारा हजारांना. आणि हे सहाशे किलोमीटर आपण नैर्ऋत्येकडे गेलेलो असतो, न्यूअर्कच्या एका पावलानेही जवळ नाही.

घड्याळही आपली भर घालते. न्यू जर्सी आपल्या मागे हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. जानेवारीत रात्री एकला मुंबईहून सुटलेले विमान सोळा तासांनी तिथे उतरते तेव्हा तिथे त्याच तारखेच्या सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. सोळा तासांतले साडेपाचच भिंतीवरच्या घड्याळाने मोजलेले. आपले घड्याळ तरी सोनाळ्याचे कुठे आहे? भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. सोनाळा त्याच्या पावणेसहा अंश पश्चिमेला, आणि प्रत्येक अंशाला चार मिनिटे. म्हणून सोनाळ्यात सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी बारा वाजून तेवीस मिनिटे झालेली असतात.

न्यूअर्क इतके लांब वाटते, पण सोनाळ्याहून जास्तीत जास्त जेवढे लांब जाता येते त्याच्या दोन-तृतीयांशही ते नाही. पृथ्वीच्या पोटातून आरपार सुई घातली तर ती दक्षिण पॅसिफिकमध्ये, ईस्टर बेटाच्या ईशान्येला साधारण नऊशे किलोमीटरवर, भर पाण्यात निघते. सोनाळ्यापासून ते ठिकाण वीस हजार किलोमीटर. सध्याच्या नियमित उड्डाणांतले सर्वांत लांबचे सिंगापूर ते न्यूयॉर्क, १५,३०० किलोमीटरच्या थोडे वर आणि अठरा तासांहून जास्त. वीस हजार किलोमीटर न थांबता जाणारी प्रवासी सेवा अजून नाही. पण त्या पाण्यातल्या जागेची एक खुबी आहे. तिथे जायचे तर सोनाळ्याहून सातपुड्यावरून जा, शेगावकडे जा, अकोटकडे जा की जामोदकडे. सरळ चालत राहिले तर प्रत्येक वाट सारख्याच लांबीची.